पिशवीवर डोळा

राजूरच्या बाजारात आरोग्याचं सांगत फिरणारी एक बाई दर आठवड्याला माझ्या टोपलीपाशी उकिडवी बसायची. आम्हा ठाकर आदिवासींच्याच बोलीत विचारायची, नाचणी कशी करता, खेकडे कसे शिजवता. इतकी गोड चौकशी म्हणजे शेवटी शक्तीची पावडर विकणार, असं धरून मी तिच्या पिशवीवर डोळा ठेवायचो.

सुनेला सातवा महिना लागला आणि तिचं रक्त कमी निघालं. मी म्हणालो, "काय इकायचं ते काढा आता, बाई."

"इकायचं काय न्हाई, मामा. दवाखान्याच्या गोळ्या चालू ठेवा. बाकी तुमच्या घरात समदं शिजतंय. पर सून शेवटी जेवती, तवा पातेल्यात काय उरतं?"

टोपलीमागे बसलेली सून मान खाली घालून भाजीच्या जुड्या बांधत राहिली. रस्सा दुसऱ्यांदा मागणारा मीच.

आता सून आधी जेवते आणि मी पातेल्याकडे संशयाने बघतो.