शामलाची पहिली पंगत

शामलाच्या घरी संत्र्यांची कधी ददात नसायची. नवरा विक्रम कळमन्याच्या फळबाजारात एका अडत्याकडे कामाला. हंगाम लागला की सक्करदऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एखादं क्रेट येऊन पडायचंच. चांगली संत्री सासूला, नवऱ्याला, आल्यागेल्याला. शामलाच्या वाट्याला डागी. नासका भाग सुरीने उडवायचा आणि उरलेलं ओट्याशी उभ्या उभ्या तोंडात टाकायचं. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हीच तर आपल्या घरांची खुबी आहे.

जेवणाचीही तीच तऱ्हा. आधी सगळ्यांची ताटं, मग हिचं. पातेल्याच्या तळाशी राहील ते खायचं, भाजी संपली असली तर सकाळची पोळी चहात बुडवायची. आणि एवढं करून ही बाई बारा वर्षांच्या लेकीला, नंदिनीला, रोज उपदेश करायची. पालक खा, दूध पी, मोबाइल ठेव, मैदानावर जा. उपदेशाच्या बाबतीत तिने हात कधी आखडता घेतला नाही.

नंदिनी मैदानावर मात्र आपणहून जायची. खो-खोत तिच्या पाठीला हात लावणं सोपं नव्हतं. आत्ता होती म्हणेपर्यंत खांबाला वळसा घालून पसार. त्या हिवाळ्यात सराव करताना तीच पोरगी मटकन खाली बसली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे. खेळ शिकवणाऱ्या शोभाताईंनी साफ सांगितलं, पोरीच्या अंगात रक्त भरल्याशिवाय मी हिला खेळवणार नाही. नंदिनीने घरी येऊन बूट पलंगाखाली सारले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

झालं. घरात बीट आलं, खजूर आला, मेथीच्या जुड्या आल्या. नंदिनीचं एकच पालुपद, "मंग खाईन." शामलाने लाडीगोडी लावली, आवाज चढवला, डोळ्यांत पाणी आणलं. ताट तसंच. मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली, तर नंदिनी क्रेटपुढे उकिडवी बसलेली. वरची झळझळीत संत्री बाजूला सारून खालचं दबलेलं, काळं पडलेलं एक हुडकत होती.

"काय करून राहिली वं? चांगलं घे ना!"

"चांगले आजीले अन् बाबाले," नंदिनी सहज म्हणाली. "मले डागीच चालते. तुयासारखं."

शामलाच्या तेव्हा लक्षात आलं. पोरगी तिचं ऐकत नव्हती, पण तिच्याकडे बघत होती. रोज, तिन्ही त्रिकाळ. शामलाला आधी स्वतःचा राग आला, मग सासूचा, मग माहेरी हेच वळण लावणाऱ्या आपल्या आईचा. तिने क्रेटमधलं सगळ्यात मोठं संत्रं उचललं, तिथंच फरशीवर फतकल मारली आणि फोड न् फोड एकटीने खाल्ली. कुणाला विचारलं नाही, कुणाला दिली नाही. नंदिनी तोंडात बोट घालून पाहत राहिली.

त्या दिवसापासून शामलाचं ताट सगळ्यांच्या बरोबर पडू लागलं. सासू प्रयागबाईंनी भुवई चढवली. "गरम पोळ्या कोण टाकीन मंग?"

"टाकून ठेवल्या, आत्याबाई. जराशा गार खाऊ."

प्रयागबाईंनी मग आपल्या जमान्याची पोथी उघडली. त्यांनी कशी उपासपोटी भाकरी थापली, कशी कधी तक्रार केली नाही. शामला ऐकत होती आणि चावत होती. संध्याकाळी ती नंदिनीला हाताला धरून मैदानावर न्यायची. पोरगी कठड्यावर बसायची आणि आई पदर खोचून फेऱ्या मारायची. पोरं फिदीफिदी हसायची. हसा, शामला मनात म्हणायची, दात मजबूत होतील. तिसऱ्या आठवड्यात नंदिनी कठड्यावरून उतरून तिच्याबरोबर चालू लागली. पण जेवताना तिची नजर अजून पोळ्यांच्या डब्याकडे जायची. कुणाला कमी तर पडणार नाही ना, हे बघून मगच घास उचलायचा. ती नजर शामलाला घासाघासाला टोचायची.

पौषात शामलाच्या भासऱ्यांनी, म्हणजे विक्रमच्या थोरल्या भावाने, भैयाजींनी, शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं. बोअरला पाणी लागू दे म्हणून बोललेला नवस फेडायचा होता. सारं गणगोत जमलं. पुरुषांनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजले, बायकांनी चुलीवर वांग्याची भाजी आणि वरण केलं. आणि मग, जशी आजवर पडत आली तशी, पुरुषांची पहिली पंगत पडली. बायकांनी नंतर बसायचं. तोवर वांगी संपून नुसता रस्सा राहतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही.

नंदिनीने सवयीने पाण्याचा जग उचलला. शामलाने तो तिच्या हातातून काढून घेतला, खाली ठेवला, तिला हाताला धरून पंगतीत नेलं आणि दोघींसाठी पत्रावळी मांडल्या.

"काहून वं शामला?" प्रयागबाईंचा आवाज चुलीपासून आला. "पंगत कोणाची आहे, दिसून नाही राहिलं का?"

"भुकेल्या माणसाची आहे, आत्याबाई. मले भूक लागली."

भैयाजी घसा खाकरून आभाळाकडे बघू लागले. विक्रमने मान खाली घातली. वाढायला आलेला पुतण्या ऋषिकेश गोंधळला आणि दोघींना ओलांडून पुढे सरकला. नंदिनीने अंग चोरलं; ती उठायच्या बेतात होती. शामलाने तिच्या मांडीवर हात दाबून ठेवला. आज ही पोरगी उठली तर जन्मभर उठतच राहील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"ऋषिकेश! इकडे ये गा. दोन माणसं राहिले."

तो परतला. पत्रावळीवर रोडगा पडला, वरण पडलं. विक्रमने वर न बघताच तुपाची वाटी बायकोकडे सरकवली. शामलाने रोडगा कुस्करला, तूप ओतलं आणि साऱ्या गणगोताच्या डोळ्यांदेखत भलामोठा घास घेतला. मग दुसरा. चुलीपाशी उभ्या असलेल्या बायका बघत होत्या. शामलाने हात वर केला.

"भाजी आण. रस्सा नको, वांगं वाढ."

ऋषिकेशने वाढलं. नंदिनी आईच्या पत्रावळीकडे बघत होती. भाजीच्या पातेल्यात किती उरलं, हे तिने एकदाही पाहिलं नाही. तिने आपली पत्रावळ दोन्ही हातांनी पुढे सरकवली.

"मले दोन," ती म्हणाली.