इनासमामांचं कॅलेंडर

“मॅडम, मग मधलंच वर्ष घ्या ना,” समीरसर म्हणाले आणि त्यांनी माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला. परदेशी ग्राहकाला टार्गेट कळवायची मुदत शुक्रवारी संपत होती आणि त्या दिवशी बुधवार होता. मधलं वर्ष घेतलं की सगळं सोपं होणार होतं. मला तेच खटकत होतं.

मी कंपन्यांना कार्बन उत्सर्जन कमी करायची टार्गेट ठरवून देते. नायगावच्या आमच्या सोसायटीत याचा अर्थ मी गाड्यांची पीयूसी काढते असा घेतला जातो. तिथे समजावणं मी केव्हाच सोडलंय, तुम्हाला मात्र सांगते. तापमानवाढ आवरायची तर उत्सर्जन किती वेगाने उतरायला हवं, हे शास्त्रज्ञांनी मांडून ठेवलंय. कंपनीने सोयीचा आकडा न घेता त्या वेगाशी जुळणारा आकडा घ्यायचा, याला सायन्स-बेस्ड टार्गेट म्हणतात. सुरुवात बेस इयरपासून होते, म्हणजे पुढची सगळी तुलना ज्या वर्षाशी करायची ते वर्ष. ते नेहमीसारखं हवं. वजन उतरवायला निघालेल्या माणसाने पहिल्या दिवशी खिशात दगड घालून काट्यावर उभं राहू नये, इतकाच त्या नियमाचा अर्थ.

समीरसरांचा कारखाना वसई पूर्वेला. भाज्या आणि नाश्त्याचे पदार्थ फ्रीझ करून बाहेर पाठवतात. विजेची बिलं, जनरेटरचं डिझेल, वाहतूक हे सगळं मी गोळा केलं होतं. फ्रीझरच्या मशीनमधला गॅस तेवढा अंदाजाने धरला होता. तो पाइपांच्या जोडांतून थोडा थोडा गळतो आणि पुन्हा भरावा लागतो. त्यातला एक किलो हवेत गेला की जवळपास चार हजार किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. अकाउंट्सकडे किलोची नोंद नव्हती, कंत्राटदाराच्या बिलावर नुसतं ‘दुरुस्ती’ असायचं. म्हणून मी अंदाजावर भागवलं. आळस केला, दुसरं काय.

माझा आळस पकडला इनासमामांनी. ते प्लांटरूमचे, म्हणजे फ्रीझरची मशीनं चालतात त्या खोलीचे प्रमुख, जवळच्या गिरीज गावचे, निवृत्तीला चार महिने राहिलेले. त्या सोमवारी त्यांनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, गॅस एवढाच, हे कोणी सांगितलं? मी अंदाज म्हटल्यावर ते मला प्लांटरूममध्ये घेऊन गेले.

भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं, उपवासकाळ आणि सणांच्या तारखा असलेलं. त्याच खिळ्यावर त्याच्याखाली गेल्या वर्षीचं, त्याखाली त्याच्या आधीच्या दोन वर्षांची. ज्या दिवशी गॅस भरला, त्या दिवसाच्या चौकटीत किलो लिहिलेले. प्रत्येक वेळी गॅस भरण्याआधी आणि नंतर सिलिंडर तोललेला. तोलायला त्यांच्या वडिलांचा ताणकाटा होता, हूकला लटकवून तोलायचा. वडील वाडीतले केळीचे लोंगर, म्हणजे घड, त्यावर तोलायचे. व्यापारी सांगेल ते वजन त्यांनी कधी मानलं नाही, कंत्राटदार सांगेल ते मी का मानू, असं मामांचं म्हणणं. कोणी मागितलं नसताना हा माणूस वर्षानुवर्षं हे करत होता. लाखोंची सॉफ्टवेअर घेतलेल्या कंपन्यांनीही मला इतकी चोख माहिती दिलेली नाही. मी मनातल्या मनात हात जोडले.

आकडे भरले आणि भलतंच दिसलं. पूर्ण झालेल्या तीन वर्षांपैकी मधल्या वर्षी गॅस दुपटीहून जास्त गेला होता. एका चौकटीत लिहिलं होतं, ‘पाइप तडकला, ६२ किलो.’ हे वर्ष बेस इयर धरलं तर टार्गेटचा मोठा हिस्सा काही न करताच गाठला जाणार होता. पाइप पुन्हा तडकला नाही की झालं.

समीरसर काही लबाड माणूस नव्हेत. टार्गेट चुकलं आणि हा ग्राहक गेला तर एक अख्खी शिफ्ट बंद करावी लागेल, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. त्यांचा मुद्दाही बिनतोड होता. पाइप जुने आहेत, ते तडकतातच, मग हे वर्ष वेगळं कसं? खरं सांगायचं तर मलाही शुक्रवार दिसत होता.

६२ या आकड्याची खात्री करायला मामांना बोलावलं. आकडा बरोबर आहे, असं त्यांनी सांगितलं, पण ते गेले नाहीत.

“तो पाइप जुना होता म्हणून नाही तडकला, सर,” ते म्हणाले. “सफाईला मी त्याला घट्ट धरणारा क्लॅम्प काढला होता. परत लावायचा राहिला. आठवडाभर पाइप थरथरत राहिला आणि गेला.”

“हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली.”

“मग आज?”

“आज तुम्ही माझ्या चुकीवर कंपनीची पुढची वर्षं उभी करताय.”

समीरसरांनी लॅपटॉप परत माझ्याकडे वळवला. चार महिने गप्प बसले असते, तर हा माणूस हार घालून, नारळ घेऊन घरी गेला असता.

“मॅडम, शेवटचं वर्ष घ्या,” समीरसर म्हणाले.

मधलं वर्ष का वगळलं, ते लिहावं लागतं. मी लिहिलं, देखभालीतली चूक, एकदाच घडलेली. मामा म्हणाले, माझं नाव लिहा.

“फॉर्ममध्ये नावाला जागा नाही, मामा,” समीरसर म्हणाले.

रिमार्क्सचा रकाना चांगला ऐसपैस होता. मी फॉर्म सेव्ह करून लॅपटॉप मिटला.

टार्गेट शुक्रवारी दुपारी गेलं. ते अवघड होतं, आजही आहे. पहिल्या वर्षी पाइपांचे जुने जोड बदलले, गळती बरीच उतरली. विजेशी झगडा अजून चालूच आहे. ग्राहक टिकला. मामा ठरल्या तारखेला निवृत्त झाले, हार आणि नारळ घेऊनच. ताणकाटा मात्र त्यांनी प्लांटरूममध्येच ठेवला.

यंदा आकडे घ्यायला गेले तेव्हा त्याच खिळ्यावर नवं कॅलेंडर होतं, अक्षर दुसऱ्याचं. गॅसचे किलो होतेच. शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला लिहिलेलं होतं, ‘सगळे क्लॅम्प पाहिले.’ नव्या ऑपरेटरला विचारलं, हे कोणी सांगितलं? तो म्हणाला, मामांनीच, जाताना. आणि का, तेही सांगितलं.

हल्ली नव्या कंपनीत गेले की मी अकाउंट्सच्या आधी प्लांटरूम गाठते. सॉफ्टवेअर कुठलं, ते नंतर विचारते.