डेलियावरचे भुंगेरे

ज्या माणसाने उभी हयात रुग्णवाहिका चालवण्यात घालवली, त्याला घरी बसवलं की काय होतं, ते त्याच्या थोरल्या बहिणीला विचारावं. दवाखान्यात सगळे त्याला तुफान म्हणत. एके दुपारी त्याला घेरी आली. नशीब, तेव्हा गाडी उभी होती. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि रिपोर्ट येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं बजावलं.

घरात माणसं दोनच, तो आणि ताई. ताई खिडकीपाशी मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. हा स्वयंपाकघरापासून दारापर्यंत येरझारा घालायचा. रस्त्यावर कुठे भोंगा वाजला की हातातला घास ताटात पडायचा. त्याने घरातले सगळे नळ खोलून पाहिले आणि त्या भरात एक न गळणारा नळ गळायला लावला.

मग त्याची नजर डेलियांवर गेली. घरापुढच्या चिंचोळ्या पट्टीत ताईने लावलेली ती झाडं बशीएवढ्या फुलांनी लवली होती. पण पाकळ्या कडेने कुरतडलेल्या, मधे भोकं पडलेली. त्याने एक फूल उलगडून पाहिलं. आत तपकिरी भुंगेरे डोकं खुपसून, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे निवांत चरत होते.

ताईला विचारलं तर ती म्हणाली, दरवर्षी येतात, खातात आणि जातात. मशीन काही थांबलं नाही. असलं उत्तर ऐकून गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तडक दुकानात जाऊन त्याने औषध आणलं. दुकानदाराने बादलीभर पाण्याला एक झाकण सांगितलं होतं. याला वाटलं, एका झाकणाने काम रेंगाळेल. त्याने तीन झाकणं ओतली आणि भर उन्हात फवारा मारला.

भुंगेरे टपाटप पडले. पण दोन दिवसांत पानांच्या कडा काळ्या पडल्या आणि उमलण्याआधीच कळ्यांनी माना टाकल्या. पट्टीच्या टोकाची, फवारा न पोचलेली चार झाडंच काय ती बचावली.

ताई बाहेर आली. एक करपलेली कळी तिने बोटांत धरून दाबली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो घाईघाईने औषधाला, दुकानदाराला, उन्हाला दोष देऊ लागला. तिने त्याला पुरतं बोलू दिलं.

"अरे, झाडांना काय गाडीत घालून न्यायचं होतं का कुठे?" ती म्हणाली. तो पायरीवर बसला. तीही शेजारी टेकली. "रिपोर्टाची धास्ती मलाही आहे. म्हणून मी दिवसभर शिवत बसते. तुझी धास्ती माझ्या झाडांवर काढू नकोस."

आत जाऊन त्याने कात्री आणली आणि करपलेल्या फांद्या छाटायला घेतल्या.

मग ताईने तिची रीत दाखवली. सकाळच्या गारठ्यात भुंगेरे सुस्त असतात. फुलाखाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरायचं आणि देठाला हलकी टिचकी मारायची. उडायचं सुचायच्या आत ते पाण्यात पडतात. पहिल्या दिवशी त्याने फूल असं गदागदा हलवलं की भुंगेरे उडाले आणि पाकळ्याच पाण्यात पडल्या. ताईला हसू आवरेना. हळूहळू त्याचा हात बसला. तेवढा वेळ त्याचं लक्ष रस्त्याकडे जात नसे.

रिपोर्ट आला. गाडी आता कायमची बंद. दवाखान्याने फोनवर बसायला सांगितलं: पत्ता लिहून घ्यायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं. मी जाणार नाही, म्हणून तो जेवायलाही उठला नाही. ताईने ताट झाकून ठेवलं आणि ती शिवायला बसली. अंधार पडायच्या सुमाराला त्याने स्वतःच ताट पुढे ओढलं आणि कामावर जायचा शर्ट इस्त्रीला टाकलास का, असं विचारलं.

आता तो फोनवर बसतो. भुंगेरे अजून येतात, पाकळ्यांना भोकं पडतात, छाटलेल्या झाडांना लहान लहान फुलं आली आहेत. घाबरलेल्या माणसांशी तो सावकाश बोलतो, पण गाडी निघाली की याचा उजवा पाय टेबलाखाली दाबला जातो. टेबल हलतं, अशी शेजारच्या बाईंची तक्रार आहे. त्याने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. तरी हलतंच.