शिवणबाईंची सहा वर्षं

कॉलेजच्या लायब्ररीत फाटकी पुस्तकं शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना शिवणबाईच म्हणत. बोलताना त्या अडखळायच्या. समोरचा घाईघाईने त्यांचं वाक्य पुरं करून टाकी, मग बाई गप्पच बसत.

संगणक विभागातल्या सरांनी एकदा त्यांच्याकडे एक जुना लेख शिवायला दिला. संगणक एकमेकांना जोडायचं स्वप्न ज्यांनी आधी पाहिलं, त्यांच्यापैकी कुणाचा तरी. पुढे माणसं शेजारामुळे नाही तर आवडीमुळे जवळ येतील, तिथे हुद्दा दिसणार नाही, विचार तेवढा दिसेल, असं त्यात होतं. टाके घालता घालता बाईंनी तो दोनदा वाचला. मग सरांच्याच खोलीतल्या संगणकावरून बाई जुन्या कागदांविषयीच्या एका चर्चागटात शिरल्या.

तिथे त्यांना मध्येच कुणी तोडलं नाही. कसर लागलेली पानं कशी वाचवायची, खळ किती पातळ हवी, सहा वर्षं जेवणाच्या सुट्टीत त्या उत्तरं लिहीत राहिल्या. दूरच्या एका प्राध्यापकांशी तर घरोबाच झाला. ते 'ताई' म्हणत. बाईंच्या बहिणीच्या आजारपणात त्यांनी पानभर धीर दिला होता.

एक दिवस नव्या पुस्तकांचा गठ्ठा कव्हर घालायला आला. त्यात प्राध्यापकांचं पुस्तक! बाईंनी हरखून उघडलं. तिसऱ्या प्रकरणात खळ शिजवायची त्यांचीच रीत होती, 'बोटांना साय लागल्यासारखी वाटेपर्यंत' हे शब्दही त्यांचेच. आभारांत अर्ध्या गटाची नावं होती. त्यांचं तेवढं नव्हतं.

बाईंनी गटावर आपलं जुनं उत्तर आणि पुस्तकातला उतारा शेजारी शेजारी लिहून फक्त विचारलं, हे कसं?

"ताई, इथे लिहिलेलं सगळ्यांचंच असतं," प्राध्यापकांनी लिहिलं. "त्यासाठीच तर आपण जमलो ना?"

गट सांभाळणाऱ्याने 'वैयक्तिक वाद' म्हणून बाईंचा मजकूर काढून टाकला. कुणी ब्र काढला नाही. एकाने मात्र खासगीत कळवलं, की ते तुमचंच आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण एवढ्या मोठ्या प्राध्यापकांशी वाकडं कोण घेणार?

म्हणजे हुद्दा तिथेही दिसत होता. बाईंनाच काय तो दिसला नव्हता.

बहीण म्हणाली, "मग भांड ना त्यांच्याशी."

"क... कुठे भांडू?" बाई म्हणाल्या. "मला बोलता येत होतं ते तिथेच."

दुसऱ्या दिवसापासून बाई संगणक विभागातल्या सरांच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. प्राध्यापकांच्या पुस्तकाला कव्हर घातलं, पाठीवर लेखकाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि ते कपाटात लावायला दिलं.