सरांच्या बाटलीतली पांढरी कडा

"माझ्या पेशी सुटल्या, त्या खोट्या काय सर?"

"मॅडम, तुमच्या बाटलीत साबण राहिलाय. आधी धुणारीला बदला, मग बोलू."

हे भांडण मी हातात डबा घेऊन दाराआडून ऐकलं. धुणारी म्हणजे आमच्या वन्सं, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काचेची भांडी धूत होत्या. खाली येऊन मी ते वन्संना सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "डब्यात काय आणलंयस?" पण जेवल्या अर्धंच.

मॅडम धुण्याच्या खोलीत आल्या तशा वन्संनी विचारलं, "कशावरून भांडताय ते तरी कळू दे. नाव माझं निघालंय."

मॅडमनी मग आम्हा दोघींना बसवून सांगितलं. अंगातल्या पेशी एकमेकींना धरून राहतात ते प्रथिनांमुळे, आणि त्या प्रथिनांची चार मोठी घराणी. इंटिग्रिन दोन पदरी, जोडीनं राहणारं, पेशीखालचं अंथरूण धरणारं. सिलेक्टिनचं टोक साखर पकडतं, त्याच्या आधारानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी नळीच्या कडेनं हळूहळू गडगडत जातात. तिसरं एकावर एक वेटोळ्यांचं, त्याचं नाव माझ्या तोंडात काही बसत नाही. चौथं कॅडहेरिन, ओवलेल्या मण्यांसारखं. दोन मण्यांमध्ये कॅल्शियम बसतं म्हणून माळ ताठ. कॅल्शियम काढलं की माळ लुळी, पकड सुटली. मॅडम आणि सरांना मिळून एक नवं प्रथिन सापडलं होतं. सर म्हणत वेटोळ्यांचं, मॅडम म्हणत मण्यांचं. कॅल्शियम नसलेल्या पाण्यात मॅडमच्या पेशी सुटत होत्या, सरांच्या चिकटून राहत होत्या.

"म्हणजे मुलगी कुठल्या घरची, याचं भांडण," वन्सं म्हणाल्या. "सर पाणी कुठल्या बाटलीत ठेवतात? ती माझ्याकडे कधी धुवायला येत नाही."

सरांचा कुणाच्या धुण्यावर विश्वास नव्हता. स्वतःची बाटली ते स्वतः नळाखाली विसळत. वन्सं आम्हाला घेऊन वर सरांच्या टेबलाशी गेल्या, बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरी कडा, आमच्या किटलीत धरते तशीच.

"हे पांढरं म्हणजे काय असतं हो मॅडम?"

मॅडमनी बाटली हिसकूनच घेतली. "कॅल्शियम."

वन्सं सरांकडे वळल्या. "एकदा माझ्या हातची धुतलेली वापरा. तरी पेशी धरून राहिल्या, तर मी उद्यापासून घरी."

मी त्यांचा पदर ओढला. उपयोग शून्य. बाटली आधी व्हिनेगरमध्ये भिजली, मग घासली गेली, मग तीनदा शुद्ध पाण्यानं विसळली गेली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर सर खाली पालथ्या बादलीवर बसलेले.

"मावशी, सुटल्या."

"कोण, मी की पेशी?"

"पेशी."

"मग वर मॅडमना सांगा की."

"सांगितलं. अजून हसतायत." आणि सर स्वतःच हसायला लागले. वन्संनी त्या दिवशी डबा चाटूनपुसून संपवला, माझ्या वाटचंही खाल्लं.

त्यानंतर सरांची बाटली रोज खाली यायची. अकरा वर्षांनी वन्सं निवृत्त झाल्या. वर भाषणं चालली होती, सर त्याच पांढऱ्या कडेची गोष्ट रंगवून सांगत होते, आणि वन्सं मधूनच उठल्या. मला वाटलं रडायला गेल्या, म्हणून मागे गेले. त्या सरांची बाटली विसळत होत्या. तिसरं पाणी ओतलं, खिडकीशी धरून तळ पाहिला, तीन मजले चढून फळीवर ठेवली, सरांच्या नावाची चिकटवलेली चिठ्ठी पुढे करून.


मग म्हणाल्या, "चल, केक संपेल."