जोडाची तार

पृथ्वीच्या पोटात काय चाललं आहे याची जितकी बित्तंबातमी आमच्या साडूंना असते, तितकी खुद्द पृथ्वीलाही नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, हे यजमान. लासुर्ण्यात सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. उमेदीचा सगळा काळ त्यांनी तेलाच्या विहिरींत तार सोडण्यात घालवला; आधी गुजरातेत, मग आसामात आणि शेवटी भर समुद्रातल्या फलाटावर. ऊस आणि कारखाना सोडून माणूस आणखी कशावर जगू शकतो हेच आमच्याकडे कुणाला पटत नाही. त्यात हा गृहस्थ पगार घेऊन भोकात तार सोडतो म्हटल्यावर गावानं त्यांना पहिल्यापासूनच हसण्यावारी नेलं.

त्या तारेविषयी कुणी विचारायचाच अवकाश, की विचारणाऱ्याची बारामतीची एसटी चुकलीच म्हणून समजा. तेलाची विहीर म्हणजे आपल्या आडासारखी वाकून बघायची गोष्ट नव्हे. तोंड जेवणाच्या ताटाएवढं आणि खोली गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता उभा केल्यासारखी. आत वायूचा दाब असा, की नुसतं झाकण उघडलं तरी अनर्थ. म्हणून आतली नळी जागेवरच ठेवायची, तोंडाशी पक्का बंदोबस्त करायचा आणि सायकलच्या तारेएवढी बारीक पोलादी तार आत सोडायची. तिच्या टोकाला कधी उष्णता आणि दाब मोजणारं यंत्र, कधी आतली झडप उघडणारं हत्यार, तर कधी खाली पडलेलं सामान धरून आणणारा चिमटा. वरच्या माणसानं तारेवर बोटं ठेवून ओळखायचं, की खाली वाळू लागली, मेण लागलं की लोखंड. "डोळं मिटून वळखायचं, पाहुणं," तात्या मला सांगतात, "डोळं उघडं ठिवलं की मानूस फसतोय."

नोकरी संपली, पण नोकरीतले नियम तात्यांनी जसेच्या तसे घरी आणले. ताणलेली तार कुणी ओलांडायची नाही हा पहिला. गाईचं दावं असो की पाण्याचा पाइप, त्यांच्या घरी सगळे वळसा घालून जातात. बारामतीच्या एका लग्नात मांडवाच्या ताणलेल्या दोरीवरून पाहुणे उड्या मारताहेत हे पाहून ते दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले, आणि नवरदेवाला वाजतगाजत आचाऱ्यांच्या चुलींमागून आत यावं लागलं. दुसरा नियम तार कापण्याचा. तारेचं टोक सगळ्यात जास्त दमतं, म्हणून प्रत्येक कामाआधी ते थोडं कापून टाकायचं आणि ताज्या तारेला नवी गाठ मारायची. घरी येताच त्यांनी हा नियम आडाच्या पोहऱ्याला लावला. रोज सकाळी दोराचं टोक कापायचं, गाठ नवी. शेवटी एके दिवशी पोहरा पाण्याच्या वरच लटकत राहिला. आक्का माझ्या बायकोला फोनवर म्हणाली, "आड आटला न्हाय गं बाई, दोर आटलाय!"

या सगळ्याला एक माणूस कधी हसत नसे, तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तात्या मुलुखभर तारा सोडत होते तेव्हा यानं शेती केली, आईवडिलांचं सगळं केलं. वडील, म्हणजे आबा, गेले तेव्हा तात्या समुद्रात होते. हवा बिघडलेली, हेलिकॉप्टर उडेना. ते भिगवणला, म्हणजे आमच्या जवळच्या स्टेशनात, गाडीतून उतरून घरी पोचले तोवर अग्नी देऊन झाला होता. तेव्हापासून धाकटा त्यांच्याशी कामापुरतंच बोले. भांडण नाही, वाटणीचा वाद नाही, नुसता अबोला. तात्या कधी तक्रार करत नसत. पण धाकट्याच्या घरावरून जाताना त्यांची चाल हळू व्हायची, हे मी पाहिलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्याच्या बोअरमध्ये पाइप तुटून मोटर खाली पडली. डाळिंबाच्या बागेत फळ धरलेलं आणि पाण्याचा दुसरा आधार नाही. मोटर काढणारे आले, हिसके देऊन पाहिले आणि बोअर संपला म्हणून निघून गेले. मग धाकटा तात्यांच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "तुमची तार हितं चालंल का?"

तात्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी बारामतीला डेअरीत कामाला; त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मलाही एमआयडीसीतल्या खोलीवरून बोलावून घेतलं. तिपाई उभी राहिली, कप्पी लागली, तात्यांनी नोकरीतून आठवण म्हणून आणलेलं तारेचं रीळ माळ्यावरून खाली आलं. एका डब्यात कपडे धुण्याचा साबण ठासून तात्यांनी तो तारेनं खाली सोडला. वर आला तेव्हा साबणावर तुटक्या पाइपाचा अर्धा ठसा. तेलाच्या विहिरीत हेच काम शिशाच्या गोळ्यानं करतात म्हणे. "कलंडून पडलीय," तात्या म्हणाले. ठशाच्या मापानं फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून चिमटा करून आणला. तो बसला नाही. घासून पुन्हा सोडला, तरी बसेना. आणि प्रत्येक वेळी, नियम म्हणजे नियम, तात्या तारेचं टोक कापत होते. अखेर चिमटा बरोबर जमला, तार सरसर खाली गेली आणि रीळ संपलं. मोटर अजून हातभर खाली होती.

तात्यांचा चेहरा पाहवत नव्हता. आणि धाकटा, इतक्या वर्षांनी, पोट धरधरून हसला. हसता हसताच तो ट्रॉलीकडे गेला आणि उसाच्या मोळ्या आवळायचा पोलादी दोर घेऊन आला.

"ह्यो जोडा," तो म्हणाला.

"जोडाची तार खाली जात न्हाय," तात्या ताठ झाले. "आमच्यात तसं करत न्हाईत. जोड तुटला तर चिमटाबी गेला आन् बोअरबी."

"तात्या, तुमच्यात नसंल. हितं समदं जोडाचंच चालतंय."

तात्यांनी तो दोर दोन्ही हातांनी ताणून पाहिला. मग खाली बसून स्वतःच्या हातानं जोड आवळला. तार पुन्हा आत गेली. त्यांनी डोळे मिटून तिच्यावर बोटं ठेवली, मग भावाचा हात ओढून शेजारी ठेवला. "काय लागतंय?" धाकटा कुजबुजला, "जड लागतंय." "मग सावकाश. वर येताना घाई करायची न्हाय." दोघांनी मिळून कप्पीवरून तार ओढली, आणि चिखलानं माखलेली मोटर वर आली.

टाळ्या पिटून झाल्या, मोटर दुरुस्तीला गेली, माणसं पांगली. दोघे भाऊ बोअरच्या कडेला हात पुसत बसले होते. मी तार गुंडाळत होतो. धाकटा मातीकडे बघत म्हणाला, "तात्या, आबा जाताना सारखं इचारत हुतं, थोरला कुठवर आलाय. मी म्हनलं, भिगवणला उतरलाय."

तात्यांनी वर पाहिलं. "मी तर फलाटावरच हुतो रं."

"व्हय. मला ठावं हुतं. पन आबा म्हनलं, मंजी आलाच की. आन् डोळं मिटलं."

एवढं बोलून धाकटा उठला आणि बागेत गेला. तात्या जागचे हलले नाहीत. जमिनीखाली कोसभर काय चाललंय ते बोटांनी ओळखणारा हा माणूस, तोंड ओंजळीत घेऊन हमसून हमसून रडत होता.