चहाबंदी उठवणाऱ्या शेजारीणबाई

दोनशे वर्षांपूर्वीचे ठराव मनापासून पाळणारी व्यक्ती अख्ख्या अमेरिकेत एकच असेल आणि ती आमच्या शेजारी राहत होती. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात आम्ही ऐंशीच्या दशकात राहायला गेलो. शेजारीणबाई निवृत्त शिक्षिका. गावसभेची जुनी इतिवृत्तं त्यांना तोंडपाठ होती. डुकरं मोकळी सोडू नयेत असा एक ठराव होता; डुक्कर नसल्यामुळे त्या मांजराला दोरी लावून फिरवायच्या. इंग्रजांनी बाहेरून येणाऱ्या चहावर कर लावला, तेव्हा गावानं सभा भरवून चहा सोडला होता. "तो ठराव कुणी रद्द केलेला नाही," असं म्हणून त्या फक्त कॉफी प्यायच्या.

आम्हाला याची गंमत वाटायची. पण साताऱ्याहून माझी आई आली आणि प्रकरण अवघड झालं. दिवसभर एकटी असणाऱ्या आईनं त्यांना खुणेनं तीनदा चहाला बोलावलं. तिन्ही वेळा त्यांनी हात जोडून नकार दिला. "आपल्या हातचं चालत नसेल त्यांना," आई म्हणाली. मी ठरावाचं कारण सांगितलं, पण तिला ती सबबच वाटली आणि ती परतीच्या तिकिटाची चौकशी करायला लागली.

मी जाऊन बाईंना हे सांगितलं. मग भर बर्फात दारोदार फिरून त्यांनी सह्या गोळा केल्या आणि वसंतातल्या गावसभेपुढे चहाबंदी उठवण्याचा विषय आणला. मी आणि आई मताधिकार नसलेल्यांच्या खुर्च्यांवर मागे बसलो होतो. एक शेतकरी म्हणाला, "आम्ही सगळे चहा पितोच की. कशाला हा खटाटोप?"

"मी पीत नाही," बाई म्हणाल्या. "आणि हा ठराव राजाविरुद्ध होता. माझ्या शेजारणीला दुखवण्यासाठी नव्हता."

सभागृह हसलं. मग बंदी उठवण्याच्या बाजूनं हात वर झाले. मी आईच्या कानात सगळं मराठीत सांगितलं, तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी बाई टोपी घालून आल्या. आल्याचा चहा बशीतून प्यायल्या आणि म्हणाल्या, "राजाला यावर कर लावावासा वाटला, यात नवल नाही." आई पुढे सगळा उन्हाळा राहिली. एकमेकींची भाषा न येणाऱ्या त्या दोघी रोज व्हरांड्यात बसायच्या.

आता दोघीही नाहीत. नागरिक झाल्यावर मी गावसभेत पहिल्यांदा मत द्यायला गेले, तेव्हा विषय कुठल्याशा गटाराचा होता. तरी मी तो घरून दोनदा वाचून गेले होते.